एकट्यानं शिडाच्या बोटीतून मुंबई ते गोवा: दोन रात्रींच्या झोपेचं काय करायचं?

शीडवाला
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, मोठा झालाय तर सांभाळून घ्या.

सहा वर्षं झाली मी शिडाच्या बोटीवर जातोय, आधी दुसऱ्यांच्या बोटीवर हाताखाली आणि आता दीड वर्षं एका मित्राबरोबर भागीदारीत घेतलेली २८ फुटी बोट आहे. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं मुंबईहून गोव्याला गेलो, साधारण २२० सागरी मैल, वाटेत वारा पडला म्हणून ५० तास लागले. तीन-तीन तासांच्या पाळ्या लावल्या होत्या. दुसऱ्या रात्री चारच्या सुमारास रत्नागिरीच्या बाहेर सुकाणू माझ्या हातात होतं आणि मला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, मित्र उभा दिसला, दोराची गुंडाळी करत होता. मी त्याला "अरे खाली बस, पडशील" असं म्हणालोसुद्धा. तो आत झोपलेला होता, घोरणं ऐकू येत होतं, आणि तरी मला तो समोर दिसत होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा हा प्रश्न मला दहा-पंधरा सेकंद पडलाच नाही. नंतर अंगावर काटा आला.

आता पुढच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, हाच प्रवास एकट्यानं करायचा मनात आहे, ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल) वेग धरला तर ४४ तास. लहानपणापासून दर्याचं वेड, त्यात दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेईतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले तेव्हा मी कॉलेजात होतो, पेपरातली कात्रणं अजून जपून ठेवलीत. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली बोट, कल्पना आपल्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची, आणि सुकाणूवर मराठी माणूस! त्यांना नऊ महिने लागले, वाटेत चार थांबे. त्यानंतर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परत आले, मध्ये कुठेही न थांबता. पाच महिने एकटे. मग मला दोन रात्री का जमू नयेत?

बोटीवर बॅटरीवरचा ऑटोपायलट आहे, एआयएस (आसपासच्या जहाजांची जागा दाखवणारं यंत्र) आहे, व्हीएचएफ रेडिओ आहे, रडार नाही. प्रश्न एवढाच की झोपायचं कसं, किती, केव्हा? की झोपायचंच नाही, दोन रात्री जागून काढायच्या? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

लाटांपलीकडे
धाग्याबद्दल मनापासून आभार. मी फ्रान्समध्ये नांतला राहते, इथून ले साब्ल दोलोन गाव दीड तासावर, तिथूनच दर चार वर्षांनी वांदे ग्लोब निघते, एकट्यानं, विनाथांबा, विनामदत पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. १० नोव्हेंबर २०२४ ला ४० बोटी सुटल्या तेव्हा आम्ही मुलांना घेऊन पहाटेपासून कालव्याच्या कठड्याला उभे होतो. एकेक बोट त्या अरुंद कालव्यातून बाहेर पडते आणि लोक प्रत्येकाला नावानं हाक मारून निरोप देतात. मी तिथे रडले, खरंच.

झोपेबद्दल म्हणाल तर इथे हा विषय शर्यतीच्या तयारीचाच भाग समजतात, शिडं आणि दोरांइतकाच. ब्रिटनची एलन मॅकआर्थर २०००-०१ च्या वांदे ग्लोबमध्ये २४ वर्षांची असताना दुसरी आली, ९४ दिवसांत तिच्या झोपेची नोंद ठेवली होती, ८९१ डुलक्या, सरासरी ३६ मिनिटांची एक. हिशोब केला तर दिवसाला पावणेसहा तासांच्या आसपास येतं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झाले कारण माझी समजूत होती की हे लोक झोपतच नाहीत. झोपतात, फक्त एकसलग नाही. म्हणून 'झोपायचंच नाही' हा तुमचा शेवटचा पर्याय मला भीतीदायक वाटला.

ब्रिजवरून
शीडवाला, मी मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली, शेवटची ११ मास्टर, म्हणजे कप्तान म्हणून. तुमची हौस मला समजते, पण मी तुम्हाला दुसऱ्या बाजूनं, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवरून काय दिसतं ते सांगतो.

शिडाच्या बोटवाल्यांत २० मिनिटांचा नियम म्हणून एक पद्धत चालते. क्षितिजावर एक फेरी नजर टाकायची, काही दिसलं नाही तर २० मिनिटं झोपायचं, गजर वाजला की पुन्हा बघायचं. आता आकडे घ्या. ५० मीटर आणि वरच्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा नियमानं किमान ६ मैलांवरून दिसला पाहिजे. जहाज १८ नॉटनं येतंय, तुम्ही ५ नॉटनं त्याच्या समोर, म्हणजे एकमेकांकडे यायचा वेग २३ नॉट. ६ मैल संपायला १६ मिनिटंसुद्धा लागत नाहीत. हवा स्वच्छ असेल तर दिवा जास्त लांबून दिसतो हे खरं, पण कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जे धुरकट असतं ते तुम्ही पाहिलेलं आहेच. म्हणजे २० मिनिटांचा नियम तिथे पुरत नाही.

आता उलट बाजू. १२ मीटरपेक्षा लहान बोटीच्या लाल-हिरव्या दिव्यांना नियमानं १ मैलाची दृश्यता पुरते, मागच्या पांढऱ्याला २ मैल. माझं जहाज १ मैल ३ मिनिटं २० सेकंदांत कापतं. फायबरची बोट रडारवर लाटांच्या गर्दीत नीट उमटत नाही. तेव्हा "मोठं जहाज मला बघेल" यावर झोपू नका. एआयएस तुमच्याकडे आहे म्हणता, तो नुसता ऐकणारा आहे की तुमची जागा पाठवणारासुद्धा? पाठवणारा नसेल तर आधी तो बसवा, बाकी सगळं नंतर.

शीडवाला
काका, नुसता ऐकणारा आहे. तुमचा ३ मिनिटं २० सेकंदांचा आकडा वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. पाठवणारा बसवतो, हे ठरलं.

हर्णैकर
आमचं घर तीन पिढ्या मासेमारीत, वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, आता भाऊ बोट बघतो. ब्रिजवरून साहेबांनी जहाजांचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण तुमच्या वाटेत जहाजांपेक्षा आम्ही जास्त आहोत. हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, देवगड, मालवण, एकेका बंदराच्या शेकडो बोटी रात्री बाहेर असतात आणि सगळ्यांवर एआयएस नसतो. तुमच्या यंत्रावर समुद्र मोकळा दिसेल आणि प्रत्यक्षात समोर जाळं असेल.

ट्रॉलर जाळं ओढत असेल तर त्याच्या पाठीमागून जवळून जाऊ नका, ऐन वेळी तो वळू शकत नाही. तरंगती जाळी असतात ती लांबच लांब पसरलेली, टोकाला बोया आणि त्यावर एखादा मिणमिणता दिवा, कधी तोही विझलेला. सुकाणूत किंवा पंख्यात जाळं अडकलं की तुम्ही रात्री एकटे पाण्यात उतरणार? उतरू नका, उजाडेपर्यंत थांबा, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. आणि आमच्या बोटीवरचे खलाशीसुद्धा दमलेले असतात हे लक्षात घ्या, जाळं सोडलं की घटकाभर सगळे आडवे होतात, एखादाच जागा असतो, कधी त्याचाही डोळा लागतो. म्हणजे झोपलेली बोट आणि झोपलेली होडी समोरासमोर, असंसुद्धा होऊ शकतं.

वाऱ्याचं म्हणाल तर त्या दिवसांत रात्री मतलई सुटतो, जमिनीकडून, पहाटे चांगला जोर असतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा. दोन्हीच्या मधे वारा पडतो तेव्हा बोट नुसती डुलते आणि झोप अनावर होते. वडील म्हणायचे त्या वेळेला दर्या अंगाई म्हणतो, तेव्हा उभं राहून बोलत राहायचं.

डॉक्टर_निशाचर
अतिशय मोलाचा धागा. मी पुण्यात फिजिशियन आहे, झोपेच्या तक्रारींचे पेशंट रोज बघतो, समुद्राचा अनुभव शून्य, त्यामुळे फक्त शरीराबद्दल लिहितो.

झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक, जागेपणाचा साठत जाणारा दाब, जितके तास जागे तितका जास्त. दोन, शरीराचं घड्याळ, जे तुम्ही झोपलात की नाही याची पर्वा न करता पहाटे ३ ते ५ ला तुम्हाला तळाशी नेतं, शरीराचं तापमान सगळ्यात खाली, लक्ष सगळ्यात कमी. शीडवाला यांना मित्र दिसला तो चारच्या सुमारास, दुसऱ्या रात्री. दोन्ही दाब एकत्र आले ती वेळ. यात तुमच्या मनाचा दुबळेपणा काही नाही, कुणाचाही मेंदू हेच करेल.

जागून काढण्याबद्दल: सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांनी ०.१० टक्क्यांसारखी, हा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. तुम्ही ४४ तास जागणार म्हणता. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की झोप कमी पडलेल्या माणसाला आपण किती बिघडलोय ते कळत नाही. पेशंट मला शपथेवर सांगतात की डॉक्टर मी ठणठणीत आहे, आणि समोर बसल्या बसल्या त्यांचे डोळे तीन सेकंद मिटतात. ती सूक्ष्म झोप, त्यांना आठवतसुद्धा नाही.

क्लॉदिओ स्टाम्पी नावाच्या इटालियन संशोधकानं एकट्या दर्यावर्दींच्या झोपेचाच अभ्यास केला, मॅकआर्थरबरोबरही काम केलं. त्याचा मुद्दा असा की झोपेचे पहिले तुकडे जास्त गुणाचे असतात, म्हणून तुकड्यातुकड्यांनी झोपलेला माणूस कमी वेळात बराच सावरतो. पण तुकडा किती मोठा ते महत्त्वाचं आहे. २० मिनिटांत उठलात तर हलके उठता. ४०-५० मिनिटांनी गाढ झोपेतून उठवलं तर जी गुंगी असते ती १५ मिनिटं, अर्धा तास टिकते, आणि त्या वेळात घेतलेले निर्णय फार वाईट असतात. गाढ झोप घ्यायचीच तर दीड तासाचं पूर्ण चक्र, आणि तेवढी सुरक्षित जागा असेल तिथेच.

कॉफीचा अर्धा असर ५-६ तासांनीही शिल्लक असतो. म्हणजे जागं राहायला घेतलेली कॉफीच नंतर मिळालेली झोपेची संधी घालवते. आणि निघण्याआधीचे तीन-चार दिवस रोज तास-दीड तास जास्त झोपा, त्याचा खरंच उपयोग होतो.

रात्रपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे, १४ वर्षं. डॉक्टरांनी ३ ते ५ चं लिहिलं ते वाचताना पाठीतून कळ गेली. आमच्याकडे त्या वेळेत औषधाचा डोस दोघींनी मिळून तपासायचा असा आमचा आपापसांतला नियम आहे, कागदावर कुठे नाही, पण आम्ही पाळतो. एकटीनं काढलेला डोस त्या वेळेला मी स्वतःचासुद्धा मानत नाही.

शीडवाला दादा, तुमच्यासोबत दुसरं कुणी नसेल तर त्या वेळेला निर्णय घ्यावाच लागू नये अशी सोय आधी करा. म्हणजे शीड कमी करायचं असेल तर अंधार पडायच्या आत करून टाका, जेवण डब्यात, पाणी हाताशी, टॉर्च गळ्यात, दोर कुठला काय ते चिकटपट्टीवर लिहून. आणि सुरक्षा-दोर कमरेला बांधल्याशिवाय बाहेर यायचं नाही, हे झोपेतसुद्धा हातानं आपोआप झालं पाहिजे इतकी सवय लावा.

एक विचारू का, तो जो मित्र दिसला, तसं बाकीच्यांनाही दिसतं का? आमच्या एका सिस्टरला सलग पाळ्या झाल्यावर रिकाम्या बेडवर पेशंट दिसायचा, तिनं कुणाला सांगितलं नाही, वर्षभरानं मला सांगितलं.

लाटांपलीकडे
रात्रपाळी ताई, हो, दिसतं, आणि फार जुनं आहे हे. जोशुआ स्लोकम, १८९५ ते १८९८ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. अझोर्स बेटांवरून निघाल्यावर आलुबुखार आणि चीज खाऊन पोटात मुरडा आला, वादळात आत फरशीवर पडून राहिला, आणि शुद्धीवर येऊन बघतो तर सुकाणूवर एक उंच परका खलाशी उभा. त्यानं सांगितलं मी कोलंबसच्या 'पिंता' जहाजाचा वाटाड्या आहे, तू निवांत पड, बोट मी नेतो. सकाळी उठला तेव्हा बोट नीट वाटेवर होती. त्याची 'स्प्रे' बोट सुकाणू बांधून ठेवलं की आपली आपण सरळ चालायची, म्हणून ते शक्य झालं. त्या वाटाड्याबद्दल तो शेवटपर्यंत कृतज्ञतेनं बोलला. तुमच्या सिस्टरला हे नक्की सांगा, तिला बरं वाटेल की ती एकटी नाही.

स्पष्ट_बोलतो
सगळं वाचलं. मला एक मूलभूत आक्षेप आहे. समुद्रावरच्या टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियम असा की प्रत्येक जहाजानं कायम, डोळ्यांनी आणि कानांनी, पहारा ठेवलाच पाहिजे. एकटा माणूस झोपला की नियम मोडला. मग आपण इथे नियम कसा मोडायचा यावर चर्चा करतोय का? हर्णैकरांच्या भावाच्या होडीवर हे आदळले तर? स्वतःचा जीव धोक्यात घालणं वेगळं आणि दुसऱ्याचा वेगळं.

ब्रिजवरून
आक्षेप अगदी योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. नियम ५ ला अपवाद नाही. आम्हाला जहाजावर कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, शिवाय ब्रिजवर एक यंत्र असतं, ३ ते १२ मिनिटांनी त्याला बटण दाबून सांगावं लागतं की मी जागा आहे, नाही दाबलं तर आधी ब्रिजवर, मग मास्टरच्या केबिनमध्ये गजर होतो. दमलेल्या माणसांनी जहाजं खडकांवर घातल्यामुळेच हे सगळं आलं.

तरी माझं मत असं की खुल्या महासागरात, जहाजांच्या वाटांपासून शेकडो मैल दूर, एकटा माणूस झोपतो त्याचा धोका बव्हंशी त्याच्या स्वतःपुरता असतो. किनाऱ्याजवळ तसं नाही. दोन उदाहरणं देतो. ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन, १६ वर्षांची मुलगी, २०१० च्या मे महिन्यात एकटीनं प्रदक्षिणा पूर्ण करून आली, पण त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये सरावासाठी निघाली तेव्हा पहिल्याच रात्री क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ ती डुलकी घेत असताना ६३,००० टनी मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, डोलकाठी गेली. दुसरा जर्मनीचा बोरिस हेरमन, २७ जानेवारी २०२१, वांदे ग्लोबचे ८० दिवस काढून झाले होते, पुढच्यांमध्ये होता, शेवटच्या ९० मैलांवर आत झोपलेला असताना मासेमारी बोटीवर आदळला. त्याच्याकडे रडार, एआयएस, गजर, सगळं होतं, एकही वाजला नाही.

एक पहिल्या रात्री, एक शेवटच्या. दोन्ही किनाऱ्याजवळ. दक्षिण महासागरात हे लोक दीड-दीड तास झोपतात आणि काही होत नाही, तिथे धोका वादळाचा आहे. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमींची डोलकाठी गेली, पाठ मोडली, तीन दिवस बंकवर पडून राहिले आणि मग फ्रेंच मासेमारी-गस्तीच्या ओसिरिस बोटीनं सोडवलं, त्याचं कारण वादळ होतं, झोप नव्हे.

म्हणून शीडवाला, तुम्ही विचारलंत पाच महिने जमतात तर दोन रात्री का नाही. तुमच्या दोन्ही रात्री पहिल्या रात्रीच आहेत. शरीराला तुकड्यांच्या झोपेची सवय लागायला चार-पाच दिवस जातात, तुम्ही तोवर पोचलेले असाल, आणि अख्खी वाट किनाऱ्याची. झोपेच्या हिशोबानं मुंबई-गोवा हा मला पृथ्वीप्रदक्षिणेपेक्षा अवघड तुकडा वाटतो.

शीडवाला
काका, हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण स्पष्ट_बोलतो यांचा मुद्दा आणि हर्णैकरांचं झोपलेल्या खलाशांबद्दलचं वाक्य, ही दोन एकत्र ठेवली की माझ्याकडे उत्तर नाही. मी एक करतो. आधी निघायच्या गोष्टी सोडून चाचणी घेतो, बोट नांगरावरच, ४४ तास, २० मिनिटांचे गजर लावून. बघू शरीर काय म्हणतं.

डॉक्टर_निशाचर
उत्तम. फक्त एक अट, कुणालातरी सोबत ठेवा आणि त्याला काहीही मदत न करता फक्त नोंद करायला सांगा. तुमची स्वतःची नोंद ग्राह्य नाही.

शीडवाला
तीन आठवड्यांनी परत येतोय. चाचणी झाली. मांडव्याच्या बाजूला नांगर टाकला, शुक्रवारी दुपारी १२ पासून रविवारी सकाळी ८ पर्यंत. भागीदार मित्र आणि त्याची बहीण आळीपाळीनं वहीत नोंद करत होते. नियम असा की दिवसा एक वीस मिनिटांची डुलकी, रात्री १० ते ६ मध्ये २० मिनिटं झोप, मग उठून बाहेर येऊन पूर्ण फेरी नजर, दिसलेले दिवे तोंडानं मोजायचे, १० मिनिटं जागं, परत झोप.

पहिली रात्र छान गेली. म्हणजे झोपच लागली नाही फारशी, नुसता पडून राहायचो. शनिवारी दिवसभर उत्साह, मी मित्राला म्हणालो सुद्धा की बघ, जमतंय.

रविवारी सकाळी वही वाचली. माझ्या आठवणीप्रमाणे दुसऱ्या रात्री मी प्रत्येक गजराला उठलो, प्रत्येक वेळी बाहेर आलो. वहीत लिहिलंय: २:५०, गजर बंद केला, बाहेर आला नाही, १२ मिनिटांनी स्वतः उठला. ३:४०, बाहेर आला, डोळे उघडे, "चार दिवे" म्हणाला, प्रत्यक्षात नऊ होते, त्यात एक बार्ज अगदी जवळून जात होती. ४:१०, गजर दीड मिनिट वाजत होता, ऐकू आला नाही. ४:३५, गजर बंद केला, "बघितलं, काही नाही" असं म्हणाला, उठलाच नव्हता.

ते शेवटचं वाक्य मी म्हणालो हे मला आजही आठवत नाही. मित्राच्या बहिणीनं त्यापुढे लिहिलंय, आवाज अगदी नेहमीसारखा होता.

डॉक्टर, तुम्ही माझी नोंद ग्राह्य नाही असं का म्हणालात ते कळलं.

रात्रपाळी
दादा, वाचून गलबललं. तुम्ही हे इथे जसंच्या तसं लिहिलंत यासाठी तुमचे आभार मानते. आमच्या बोर्डवर तुमची ४:३५ ची ओळ लिहिणार आहे, नाव न घालता, चालेल ना?

शीडवाला
ताई, नक्की लिहा.

ब्रिजवरून
शाबास. ही वही जपून ठेवा. आता पुढचं ठरवू. मुंबई ते जयगड साधारण १०० मैल, हा एकच टप्पा मोठा आहे, त्यात एक रात्र येतेच. जयगडला शास्त्री नदीच्या मुखात चांगला आडोसा आहे. तिथून विजयदुर्ग ४५ मैल, पहाटे मतलईवर निघालात तर दिवसाउजेडी पोचाल, वाघोटनच्या खाडीत रात्रभर झोपा. विजयदुर्ग ते गोवा ६५ मैलांच्या आसपास, पहाटे दोनला निघून दुपारी-संध्याकाळी. तीन टप्पे, मधे दोन पूर्ण झोपा. तरी एकट्यानं केलेलाच प्रवास तो. दोंदेसुद्धा चार ठिकाणी थांबलेच होते, कुणी त्यांना कमी लेखलं नाही.

लाटांपलीकडे
आणि एकट्यानंच करायला हवं असंही नाही ना. आपल्या नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला तारिणी बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ अखेर प्रदक्षिणा पूर्ण करून आल्या, दोघीच, आठ महिने. एक झोपली की दुसरी जागी. मला तर ते जास्त सुंदर वाटतं.

स्पष्ट_बोलतो
माझा आक्षेप गेला. पहिल्या टप्प्यातल्या एका रात्रीबद्दल मात्र अजून शंका आहे, ती कशी सोडवणार?

हर्णैकर
ती सोडवू. मुंबई ते हर्णै ६५ मैल होतात. मध्यरात्री निघालात तर दुपारनंतर पोचता, पहिल्याच रात्रीचे ते सहा तास तेवढे जागायचे, दिवसभर झोपून निघालात तर काही अवघड नाही. सुवर्णदुर्गाच्या आतल्या बाजूला नांगर टाका, हिवाळ्यात पाणी शांत असतं. हर्णैहून जयगड दिवसात होतं. निघायच्या आदल्या दिवशी मला इथे निरोप टाका, भाऊ त्याच्या ओळखीच्या तांडेलांना वायरलेसवर सांगून ठेवेल की पांढऱ्या शिडाची एकटी बोट येतेय, दिवा लावून जाळ्याची बाजू दाखवा म्हणून. संध्याकाळी लिलाव संपला की आमच्याकडे जेवायला या, रात्री बोटीवर आमचा पोरगा झोपेल, तुम्ही घरी झोपा.

शीडवाला
हर्णैकर दादा, येतो. एआयएसचा नवा संच सोमवारी बसतोय. जानेवारीतली अमावास्या टाळून तारीख कळवतो, आणि तुमच्या पोराला सांगा की नांगराचा दोर ४० मीटर आहे, कमी वाटला तर मुंबईहून जास्तीचा घेऊन येईन.

हर्णैकर
४० पुरे. साखळी किती आहे ते सांगा.